दणका सोसणारें लांकूड

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना नवल वाटलें असेल. भारी दणक्याच्या बंदुकीचा दस्ता कोणत्या लांकडाचा करावा, याचा खल शहरांतील सुशिक्षित कुटुंबानें सायंकाळच्या वेळीं कशासाठीं ऐकावा, हा प्रश्न रास्तच आहे. ज्याच्या घरीं बंदूक नाहीं, ज्याला ती नको आहे, आणि मागितली तरी परवान्यावांचून जी मिळणार नाहीं, तिच्या दस्त्याची विद्या घेऊन त्यानें काय करावें? शिकारीचा प्रश्न तर केव्हांच निकालांत निघाला आहे. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांतील शिकारीचा शौक संपला, आणि तो संपला याचें मला मुळींच वाईट वाटत नाहीं.

तरीही हा विषय मीं निवडला, त्याला कारण माझ्या टेबलावर पडलेला लांकडाचा एक तुकडा. तुकडा सागाचा आहे. लांबीला वीत-दीड वीत. त्याचें एक टोंक सुतारानें सुबक घांसलेलें आहे. दुसरें टोंक तिरकस तुटलेलें असून तें एखाद्या सुरीच्या पात्यासारखें निमुळतें झालें आहे. या तुकड्यानें माझ्या आजोबांचा उजवा हात कायमचा अधू केला. पुढें मी प्राथमिक शाळेंत मास्तर झालों, तेव्हां हाच तुकडा तीस-पस्तीस वर्षें वर्गांत नेऊन मीं मुलांना दाखविला. मी कांहीं लांकूडशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला साधा शिक्षक आहें. पण जें एका तुटक्या तुकड्यानें मला शिकविलें, आणि त्याच्या नादानें पुढें जें वाचलें, तें आज आपल्यापुढें मांडतों.

मी तेव्हां सात-आठ वर्षांचा होतों. म्हणजे गोष्ट १९७२च्या कायद्यापूर्वींची आहे. आमचें घर मुखेडजवळच्या एका खेड्यांत. बालाघाटाच्या डोंगररांगांमधली ही जमीन कोठें काळी, कोठें नुसता मुरूम. ज्वारी, तूर, भुईमूग हीं पिकें. ज्वारी हुरड्यावर आली कीं रानडुकरांचा कळप एका रात्रींत महिन्यांची मेहनत मातींत मिळवी. आजोबांपाशीं राखणीसाठीं परवान्याची एक ठासणीची बंदूक होती. तिची नळी जाड, तोंड मोठें. नळींत दारू किती ठासावयाची हें आजोबांच्या हाताच्या अंदाजावर असे, आणि तो अंदाज नेहमींच उदार असे. बार उडाला कीं रानांतील पांखरें उडत, आणि आजोबांचा खांदा दोन दिवस दुखत राही.

या बंदुकीचा मूळचा दस्ता वाळवीनें खाल्ला. गांवच्या सुतारानें नवा करून दिला. त्या काळीं हत्याराची दुरुस्ती कोणीं करावी, याविषयींच्या कायद्याची जाण खेड्यांत बेताचीच होती. सुतार हाताचा मोठा कसबी. त्यानें विचार केला, लांकडांत लांकूड सागाचें. त्याला वाळवी लागत नाहीं, तें पावसाळ्यांत फुगत नाहीं, उन्हाळ्यांत तडकत नाहीं. किनवटकडच्या जंगलांतला चांगला जुना साग त्यानें मिळविला, त्याची सरळ रेषेची निर्दोष फळी निवडली, आणि तींतून दस्ता कापून, घांसून, जवसाचें तेल पाजून असा कांहीं झळझळीत केला कीं शेजारपाजारचे लोक तो पाहावयास आले.

पहिली सुगी निभावली. दुसऱ्या सुगींत एका रात्रीं बार उडाला, आणि त्याच क्षणीं दस्ता मुठीच्या जागीं तुटला. नळी मागें सरकली, आणि तुटलेल्या सागाची सुरीसारखी ढलपी आजोबांच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधल्या मांसांत शिरली. जखम पुढें भरली, पण अंगठा आखडला तो आखडलाच. त्या हातानें पुन्हां कधीं नांगराचें रुमणें घट्ट धरतां आलें नाहीं. शेतकऱ्याच्या दृष्टीनें याचा अर्थ काय होतो, हें सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशीं सुतार आमच्या ओसरीवर आला. बराच वेळ बोलला नाहीं. दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन तुटलेल्या तोंडांवरून बोट फिरवीत बसला. मग म्हणाला, “अण्णा, झाड बरोबर निवडलें असें वाटलें होतें. तेंही चुकलें, अन् तुकडाही चुकला. नांगराला आम्ही उपजत वांकडी बाभूळ हुडकत रानोरान हिंडतों. अन् ह्याला मीं सरळ फळी कापून वांक दिला. कापलेला वांक म्हणजे वांक नव्हे.”

श्रोतेहो, लांकूड निवडण्याचें निम्में शास्त्र या चार वाक्यांत आलें आहे. बाकीचें निम्में आपण आतां क्रमानें पाहूं.

प्रथम बंदुकीचा दणका म्हणजे काय, तें पाहूं. न्यूटननें १६८७ सालीं आपल्या ग्रंथांत गतीचा तिसरा नियम मांडला, तो आपण सर्वांनीं शाळेंत पाठ केला आहे: क्रियेइतकीच प्रतिक्रिया, आणि ती उलट दिशेनें. गोळी पुढें जाते तेव्हां बंदूक मागें येते. गोळी हलकी म्हणून तिचा वेग मोठा. बंदूक जड म्हणून तिचा वेग लहान. आपल्या पोलिसांच्या हातीं अनेक वर्षें असलेली थ्री-नॉट-थ्री रायफल घ्या. तिची गोळी सुमारे ११ ग्रॅम वजनाची, आणि ती सेकंदाला सुमारे ७४५ मीटर वेगानें सुटते. नळींतून निघणाऱ्या वायूचा वांटा धरला, तर चार किलोची ही रायफल सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगानें मागें येते. तिच्या अंगीं त्या क्षणीं सुमारे १६ ज्यूल ऊर्जा असते. एक किलोचें वजन दीड मीटरहून किंचित् अधिक उंचीवरून पडावें तितकी.

आतां मोठ्या जनावरांसाठीं केलेली रायफल घ्या. इंग्लंडांतील हॉलंड अँड हॉलंड या पेढीनें १९१२ सालीं ‘थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह मॅग्नम’ नांवाचें काडतूस काढलें. त्याची गोळी सुमारे १९ ग्रॅमची, आणि वेग सेकंदाला सुमारे ७७० मीटर. रायफलीचें वजन तेंच चार किलो धरलें, तर तिचा मागें येण्याचा वेग सेकंदाला पांच मीटर होतो, आणि ऊर्जा पन्नास ज्यूलच्या घरांत जाते. म्हणजे तेंच एक किलोचें वजन दीड नव्हे, पांच मीटरांवरून पडलें. गोळीचें वजन दुप्पटही झालें नाहीं, पण दणका तिप्पट झाला. याचें कारण ऊर्जा वेगाच्या वर्गानें वाढते. बंदूक जितकी जड, तितका तिचा मागें येण्याचा वेग कमी. म्हणून भारी काडतुसाच्या रायफली मुद्दाम जड करतात.

हा सर्व व्यवहार सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांत उरकतो, आणि पोलादाकडून खांद्याकडे जातांना तो लांकडांतून जातो. रायफलीच्या नळीच्या मागें खालच्या बाजूस एक लहानशी पोलादी ठोकळी असते. ती दस्त्यांतील खांचेंत बसते आणि आपल्या मागच्या लांकडाला ढकलते. हा पृष्ठभाग नखाएवढाच असतो, आणि भार सगळा त्याच्यावर. त्याच्या मागें दस्ता निमुळता होत जातो, कारण तेथें हाताची मूठ बसावयाची असते. थोडक्यांत, जेथें भार सर्वांत जास्त तेथें लांकूड सर्वांत कमी. शिवाय दस्ता तेथेंच खालीं वळतो. दस्ता तुटावयाचा तो बहुधा मुठीपाशींच, तो याच कारणानें.

आतां प्रश्न येतो लांकडाचा. आपण बोलतांना ‘मजबूत लांकूड’ असा एकच शब्द वापरतों. पण मजबुतीचे प्रकार अनेक आहेत. कांच कठीण असते; चामडें कठीण नसतें. हातोडा मारला तर कांच फुटते, चामडें फुटत नाहीं. कठीणपणा हा एक गुण, वजन पेलण्याची शक्ति हा दुसरा, आणि एकाएकीं आलेला धक्का गिळून टाकण्याचा चिवटपणा हा तिसरा. घराच्या तुळईला दुसरा गुण हवा. कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि बंदुकीच्या दस्त्याला तिसरा.

देहरादून येथें १९०६ सालीं स्थापन झालेल्या वन संशोधन संस्थेनें भारतांतील लांकडांच्या कसोट्या घेऊन एक सोयीची रीत घालून दिली. प्रत्येक गुणासाठीं सागाला शंभर गुण द्यावयाचे, आणि इतर लांकडें त्याच्याशीं ताडून पाहावयाचीं. आकार न बदलण्याच्या परीक्षेंत सागाला हरविणारें लांकूड सांपडणें कठीण. परंतु धक्का सोसण्याच्या परीक्षेंत आपली काटेरी, गरीब बाभूळ सागाच्या पुढें जाते, आणि धामण तर फारच पुढें जाते. सागांतील तेल त्याला वाळवीपासून वांचवितें. पण त्याचा तंतु सरळ आणि सहज चिरणारा. दारें, खिडक्या, पेट्या, जहाजें यांना जें लांकूड राजा, तें दणक्यापुढें मध्यम प्रतीचें ठरतें. येथें ‘नांव मोठें, लक्षण खोटें’ असें म्हणून सागाचा अपमान मी करणार नाहीं. लक्षण खरेंच आहे. आपणच त्याला भलतें काम सांगतों.

आमच्या भागांतील सुतारांना हें ग्रंथ न वाचतांच ठाऊक होतें. बैलगाडीचा तुंबा, आरे आणि पाटे यांना बाभूळ. गाडीच्या आंसाला नि कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा. चिवट काठीला, कावडीला आणि धनुष्याला धामण. जेथें ताकद आणि चिवटपणा दोन्ही पाहिजेत तेथें तिवस. गाडीचें चाक दगडावरून आदळतें, कुऱ्हाड बुंध्यावर आदळते. ज्या सुतारानें हजार दांडे बसविले, त्याला दणका म्हणजे काय तें पुरतें कळलेलें असतें. आमच्या सुतारालाही तें कळत होतें. पण बंदूक ही साहेबी वस्तु. तिला बाभळीसारखें ओबडधोबड लांकूड कसें लावावें, या संकोचानें तो सागाकडे वळला. प्रतिष्ठेनें ज्ञानाला बाजूस सारलें, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या हातानें भरली.

मग जगभर बंदुकींना कोणतें लांकूड लावतात? पहिला मान अक्रोडाचा. आपण ज्याचीं फळें खातों तेंच हें झाड. काश्मिरांत तें मुबलक होतें. वाळलेल्या अक्रोडाचें वजन एका घनमीटरास सुमारे ६४० किलो, म्हणजे जवळजवळ सागाइतकेंच. पण त्याचा पोत घट्ट आणि एकसारखा. त्यांत खांच कोरली तर कडा ढासळत नाहींत, एकदां वाळलें कीं तें सहसा हलत नाहीं, आणि धक्का बसला तर तो गिळतें. वजन, स्थैर्य आणि चिवटपणा हे तिन्ही गुण एके ठिकाणीं क्वचितच सांपडतात. अक्रोडांत ते सांपडतात म्हणून त्याची थोरवी.

अक्रोड न मिळाल्यास काय करावें, याचा धडा दोन महायुद्धांनीं जगाला दिला. इंग्लंडांत अक्रोडाचा तुटवडा पडला तेव्हां बीच आणि बर्च या झाडांचे दस्ते झाले. जर्मनांनीं बीचचे पातळ पापुद्रे सरसानें एकावर एक चिकटवून दस्ते केले. एका पापुद्र्याची उणीव दुसरा भरून काढतो. ऑस्ट्रेलियांतील लिथगो येथील कारखान्यानें स्थानिक झाडें वापरलीं. तीं अक्रोडाहून मऊ. पोलाद लांकडांत रुतूं लागलें. तेव्हां त्यांनीं दणक्याच्या जागीं तांब्याच्या लहान पट्ट्या बसविल्या आणि भार पसरून दिला. आपल्याकडे बंगालमधील इशापूरच्या कारखान्यानें लांकूड चिरूं नये म्हणून दस्त्याच्या पुढच्या भागांतून आडवा स्क्रू घातला. आणि ज्या रायफलींतून हातबाँब फेकावयाचे, त्यांच्या लांकडाला तांब्याच्या तारेचे वेढे देऊन तें आंवळून टाकलें. लांकूड कमी पडलें तर बुद्धीनें भरून काढतां येतें. मात्र तें कोठें कमी पडतें, हें आधीं कळलें पाहिजे.

आतां त्या दुसऱ्या वाक्याकडे वळूं: “तुकडाही चुकला.” लांकूड म्हणजे उभ्या नळ्यांची मोळी. मोळीच्या लांबीच्या दिशेनें ओढलें तर ती तुटत नाहीं. पण दोन नळ्यांच्या मधून ती सहज फांकते. म्हणून सरपण फोडणारा कुऱ्हाड उभी घालतो. बंदुकीचा दस्ता मुठीपाशीं खालीं वळतो. सरळ तंतूच्या फळीतून असा वळलेला दस्ता कापला, कीं मुठीपाशीं तंतु तिरपे कापले जातात; एका बाजूनें आंत शिरतात आणि बोटभर अंतरावर दुसऱ्या बाजूनें बाहेर पडतात. वरून दस्ता अखंड दिसतो. आंतून तो नुसत्या डिंकानें चिकटविल्यासारखा असतो. माझ्या टेबलावरचा तुकडा अगदीं याच तिरप्या रेषेवर तुटलेला आहे.

नांगर करणारा सुतार ही चूक करीत नाहीं. तो रानांत अशी बाभूळ शोधतो कीं जिचा बुंधा निसर्गानेंच हव्या त्या कोनांत वळलेला आहे. तेथें तंतु वळणाबरोबर वळतात. अक्रोडाचे उत्तम दस्ते करणारे कारागीरही हेंच करतात. ते झाड जमिनीपाशीं कापीत नाहींत. बुंधा जेथें मुळांकडे वळतो तो भाग खणून काढतात, कारण तेथील तंतूंचा वांक दस्त्याच्या वांकाशीं जुळतो. युरोपांतील कारागीर आणि मुखेडचा नांगर करणारा सुतार यांनीं एकमेकांना कधीं पाहिलें नाहीं. लांकडानें दोघांना एकच गोष्ट शिकविली.

तंतु कोणीकडे धांवतो हें ओळखावें कसें? यासाठीं माझ्या वर्गांत एक युक्ति होती. रंधलेल्या फळीवर दौतींतील शाईचा एक थेंब टाकावयाचा. थेंब गोल राहत नाहीं. तो तंतूच्या दिशेनें लांबत जातो, आणि फळीची खरी चाल कागदावरील रेघेसारखी उमटते. मुलें यावर फार खूष असत. दुसरी युक्ति सुताराची. उरलेला बारीक तुकडा गुडघ्यावर मोडून पाहावा. गाजरासारखा खट्कन आणि आडवा मोडला, तर तें लांकूड दणक्याच्या कामाला घेऊं नये. अंबाडीच्या देठासारखा लांब धागे काढीत, कुरकुरत मोडला, तर तें चिवट समजावें. गांठी मुठीपाशीं मुळींच नकोत. झाडाचा मधला गाभाही नको, कारण वाळतांना चिरा तेथून सुरू होतात.

तिसरी गोष्ट वाळवण्याची. ओल्या लांकडाचा दस्ता आज बरोबर बसला, तरी चैत्र-वैशाखांत आक्रसतो, आणि पोलाद व लांकूड यांच्यामध्यें फट पडते. मग दणका सगळ्या पृष्ठभागावर न बसतां एका कडेवर बसतो. जाडीच्या प्रत्येक इंचाला एक वर्ष सांवलींत वाळवणें, हा जुना ठोकताळा आहे. दोन्ही टोंकांना मेण, डांबर किंवा शेण फांसावें. नाहींतर टोंकें आधीं वाळून चिरतात. आमच्याकडे बाभळीचे ओंडके कांहीं महिने पाण्यांत बुडवून ठेवीत, म्हणजे त्यांना भुंगा लागत नसे.

चौथी गोष्ट बैठकीची, आणि हिच्याकडे फार दुर्लक्ष होतें. नळीच्या मागें जी पोलादी शेपटी मुठीवर येते, तिच्या मागच्या टोंकाशीं केसभर फट ठेवावी लागते. ती नसली तर प्रत्येक बारागणिक ती शेपटी पाचरीसारखी लांकडांत घुसते, आणि पाचर लांकडाला काय करते तें सरपण फोडणाऱ्याला विचारावें. भार ठोकळीनें घ्यावा, शेपटीनें नव्हे. भारी रायफलींच्या दस्त्यांत याच जागीं आडवे पोलादी खिळे घालतात, ते दागिना म्हणून नव्हेत.

पांचवी गोष्ट तेलाची. जवसाचें तेल बाहेरून हलक्या हातानें चोळावें. तें लांकडाला ओल्या हवेपासून जपतें. पण पोलादाला लावलेलें खनिज तेल लांकडांत मुरूं लागलें, तर लांकूड मऊ आणि काळें पडतें. बंदूक वर्षानुवर्षें तोंड वर करून भिंतीला टेंकवून ठेवली, कीं तेल ओघळून नेमकें मुठीच्या जागीं सांठतें. जुन्या घरांतील कितीतरी दस्ते असे आंतल्या आंत कुजलेले असतात.

आमच्या आजोबांचा दुसरा दस्ता शिसवीचा झाला. शिसवीचें लांकूड घनमीटरास साडेआठशें किलोच्या आसपास, म्हणजे सागाहून बरेंच जड. त्याचे तंतु एकमेकांत गुंतलेले, म्हणून चीर पडली तरी ती लांबवर धांवत नाहीं. सुतारानें एका जुन्या पडलेल्या झाडाचा बुंधा मुळांसकट मिळविला, तो वाळेपर्यंत दोन वर्षें थांबला, आणि बुंधा मुळांकडे वळतो त्या जागचा तुकडा कापला. बंदूक जड झाली, पण खांद्याला दणका कमी लागूं लागला. आजोबांना याचें मोठें कोडें वाटे. पुढें मी सातवींत गेल्यावर न्यूटनचा नियम त्यांना समजावून सांगितला. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, “म्हणजे जडपणा वायां जात नाहीं म्हणावयाचा.”

या दस्त्याचे पैसे घेण्यास सुतार तयार नव्हता. आजोबांनीं आखडलेल्या हातानेंच पैसे त्याच्या टोपींत टाकले. “पहिल्याचे दिले ते लांकडाचे, हे विद्येचे,” इतकेंच ते म्हणाले. त्यानंतर आमच्या घरीं त्या रात्रीचा विषय सुताराच्या देखत कोणीं काढला नाहीं. आजोबा वारल्यावर बंदूक रीतसर पोलीस ठाण्यांत जमा झाली. जातांना तिच्या मुठीवर केसाएवढी चीरही नव्हती.

श्रोतेहो, आतां आजच्या काळाकडे पाहूं. क्रीडेंतील नेमबाजी आपल्या महाराष्ट्रांत जोमानें वाढली आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं जगज्जेत्या झाल्या, आणि कोल्हापूर जिल्ह्यांतीलच स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें. त्यांची रायफल लहान काडतुसाची. तिचा दणका नाममात्र, आणि तिचा दस्ता बहुधा धातूचा किंवा पापुद्र्यांच्या लांकडाचा. भारी रायफलींनाही आतां कांचतंतूंचे दस्ते मिळतात. त्यांना ऊनपाऊस ठाऊक नसतो. दुसरीकडे लांकडें दुर्मिळ झालीं. काश्मिरांत अक्रोड परवानगीवांचून तोडतां येत नाहीं; आणि जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलें आहे. हें योग्यच आहे. दस्त्यासाठीं झाड पाडण्याचे दिवस आतां राहिले नाहींत.

परंतु आपल्यापैकीं कोणाच्या घरीं वडिलार्जित परवान्याची जुनी बंदूक असेल, तर माझी एक कळकळीची विनंती आहे. तिच्या मुठीवर, पोलादी शेपटीच्या मागें, उजेडांत नीट पाहा. तेथें बारीक चीर, काळा डाग किंवा जुनी चिकटवलेली रेघ दिसली, तर ती बंदूक उडवूं नका, आणि ती गांवच्या सुताराकडेही नेऊं नका. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणें हत्याराची दुरुस्ती परवानाधारक कारागिरानेंच करावयाची असते. आणि कायदा बाजूस ठेवला तरी, माझ्या आजोबांच्या अंगठ्याची साक्ष आपणांस पुरेशी वाटावी.

ज्यांच्या घरीं बंदूक नाहीं, त्यांनाही कुऱ्हाडीचा, हातोड्याचा, कुदळीचा दांडा केव्हां ना केव्हां विकत घ्यावा लागतोच. तेव्हां दुकानांतला सर्वांत गुळगुळीत, सर्वांत चकचकीत दांडा उचलूं नका. त्याचें टोंक पाहा, तंतु एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सलग जातात कीं वाटेंतच बाहेर पडतात तें पाहा, आणि गांठ असेल तर तो परत ठेवा. तुटलेल्या दांड्यावरून उडालेलें कुऱ्हाडीचें पातें समोर उभ्या असलेल्या मुलाला ओळखत नाहीं.

माझ्या वर्गांतील मुलें तो सागाचा तुकडा हातीं घेऊन नेहमीं एकच प्रश्न विचारीत: “गुरुजी, मग साग वाईट का?” मी त्यांना वर्गाच्या दाराकडे बोट दाखवीत असें. तें दार सागाचें होतें. माझ्या आधींच्या तीन मास्तरांच्या वेळेपासून तें पावसांत भिजत होतें, उन्हांत तापत होतें, आणि रोज सकाळीं पहिल्या ढकलण्याबरोबर बिनतक्रार उघडत होतें.